बाईनं दारू सोडायला कुठं जायचं?

आमच्या सोसायटीतली माणसं फिरून आली की ग्रुपवर फोटो टाकतात. कुणी काश्मीरचे, कुणी बालीचे. यंदाच्या उन्हाळ्यात मीही बरीच फिरले, पण फोटो एकही नाही. जिथं गेले तिथं फोटो काढत नाहीत. रावेतहून निघायचं आणि चिंचवड, वाकड, चाकण, माण, म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवडच्या आसपासच. स्कूटी माझी, मागं सासूबाई. तुमच्यापैकी कित्येक जण या जागांवरून रोज जात असतील. आत गेला नसाल, म्हणून लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत, माझंसुद्धा.

मी दारू प्यायचे. का प्यायचे, कधीपासून, घरात काय दुःख होतं, यातलं काही इथं सापडणार नाही. पुरुषानं दारू सोडली की लोक शाब्बास म्हणतात. बाईनं सोडली की आधी विचारतात, लागलीच कशी? तो प्रश्न इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर द्यायचं बंद केलं. वाचणाऱ्यांनीही विचारू नये.

बाकीचं सांगते. माझं नाव शोभा. माहेर लातूरकडचं. चाकणला एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. गाडीच्या आत वायरींच्या जुड्या असतात, त्या आम्ही बांधतो, आणि लाईनवर बहुतेक मुलीच असतात. सासर माणचं, जुनं गावकरी घर. पण राहतो रावेतला फ्लॅटमध्ये, मी, नवरा दत्ता आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मुलगी शिकायला नाशिकला आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी दवाखान्यातून घरी आले. सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताची थरथर गोळ्यांनी थांबेल. पुढचं काम गोळ्यांचं नाही. जी माणसं यातून गेलीत त्यांच्यात जाऊन बसा. पहिलाच ग्रुप पटेल असं नाही. पटेल तो शोधा."

दत्ताला ते पटलं नाही. तो वाईट माणूस नाही. दवाखान्यात माझ्या उशाशी तोच बसला होता. पण मीटिंग म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"गोळ्या चालू आहेत ना? मग गावभर सांगत कशाला फिरायचं? माणपर्यंत बातमी जायला काय वेळ लागतो?"

आत्या आत भाकरी थापत होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"दत्तू, तुझ्या बापाला मी झाकलं. दारात पडला तर सांगायची, चक्कर आली. कामाला न्हाई गेला तर सांगायची, ताप हाय. झाकून झाकून त्यो गेला. हिला न्हाई झाकायची मी. हिच्या गाडीवर मागं बसून जाईन."

दत्तानं उठून माळ्यावरून जुनं हेल्मेट काढलं, पुसलं आणि आईसमोर ठेवलं.

चिंचवड

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. चिंचवडची मीटिंग रविवारी सकाळी, म्हणून रजा टाकली. आधी फोन केला होता.

"बोला ताई. मिस्टर रोज घेतात का?"

"मिस्टर घेत नाहीत. मी घ्यायचे."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग तो माणूस घाईघाईनं म्हणाला, "या, या. रविवारी या."

वाल्हेकरवाडीवरून निघालो. आत्या एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, नऊवारीवर हेल्मेट. सिग्नलला शेजारच्या गाडीवरची पोरं हसायला लागली. आत्यांनी काच वर केली आणि म्हणाल्या, "का रं, तुमास्नी डोकी न्हाईत व्हय?" पोरांनी आपापली हेल्मेटं हँडलवरून काढून डोक्यात घातली.

मीटिंग शाळेत, तिसरीच्या वर्गात. भिंतीवर पाढे आणि फुलांची चित्रं. पोरांच्या बाकांवर मोठमोठे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. दारातच एका गृहस्थांनी हात जोडले, "ताई, फॅमिली तिकडं," आणि आम्हाला समोरच्या बालवाडीत नेऊन सोडलं. माझं तोंड उघडेपर्यंत ते परत गेलेही.

बालवाडीत बायका होत्या. सगळ्यांचे नवरे पलीकडच्या वर्गात. आमच्या हातात पोह्यांच्या बशा आल्या, वर शेव आणि ओलं खोबरं. आमच्या लातूरकडं परकं माणूस आलं की आधी पाणी देतात. इथं पोहे आधी, पाणी मागून घ्यावं लागतं. पण पोहे फार चांगले होते. एकेक बाई बोलत होती. एकीच्या नवऱ्यानं तिची शिलाई मशीन विकली होती. दुसरी अजूनही चपलांच्या आवाजावरून तो पिऊन आलाय की नाही ते ओळखायची. मग हिरव्या साडीतल्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका. तुमचे मिस्टर कधीपासून पितात?"

मी बोलणार तोच आत्या म्हणाल्या, "माझा ल्योक थेंब घेत न्हाई. पिणारी ही हाय. मी हिची सासू. तवा मला हितं बसवा आणि हिला तिकडं न्या."

हिरव्या साडीतल्या बाईनं हात काढून घेतला. कुणीतरी म्हणालं, "बाई असून?" मला त्यांचा राग आला नाही. आयुष्यभर त्यांनी ज्याच्या चपलांचा आवाज ऐकला होता, तो माणूस त्यांच्यात येऊन पोहे खात बसला होता. त्यांच्या नजरेत मी म्हणजे त्यांचा नवरा.

मी बशी ठेवली आणि पलीकडच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. बोलणारा बोलायचा थांबला. पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ, तिथले मुख्य असावेत, म्हणाले, "ताई, बसा. पण मंडळी मोकळी बोलायची नाहीत, एवढंच." पुढच्या बाकावरच्यानं मान वळवली.

"मुलंबाळं आहेत ना तुम्हाला?"

"एक मुलगी आहे."

"मग कसं काय?"

"तुम्हाला किती आहेत?"

"तीन."

"मग कसं काय?"

पलीकडच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं, पण विचारणारा लालबुंद झाला. पांढऱ्या शर्टवाले म्हणाले, पुढच्या वेळी ताईंची वेगळी सोय बघू. वेगळी सोय म्हणजे काय ते मला कळलं. मी उठले.

बाहेर गाड्यावर मिसळ घेतली. आत्यांनी तर्री पुन्हा पुन्हा मागून घेतली. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला त्या बायकांत बसायचं असेल तर बसा. मी थांबते बाहेर."

"त्यांचं समदं मला पाठ हाय गं," त्या नाक पुसत म्हणाल्या. "मला तुझं ऐकायचंय."

वाकड

वाकडचा पत्ता डॉक्टरीणबाईंनीच पाठवला. शनिवारी संध्याकाळी, पहिली शिफ्ट करून गेलो. पत्त्यासोबत एक सूचना होती: गेटवर योगा सांगा.

गेट कसलं, नाकाच होता. वर मान करून बघितलं तर इमारतीचं टोक दिसेना. वॉचमनच्या हातात टॅब.

"किधर जाना है? किसलिए?"

"क्लबहाऊस. दारू छोडने की मीटिंग है."

त्यानं टॅबवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, ऐसा ऑप्शन नहीं है."

पर्याय होते डिलिव्हरी, कॅब, गेस्ट आणि मेड. माझ्यासाठी त्यानं गेस्ट दाबलं. मग आत्यांच्या नऊवारीकडं बघितलं आणि मेड दाबलं. मी वाकून टॅब बघत होते.

"ते बदला. दोघी गेस्ट."

"मॅडम, एक ही बात है."

"एकच आहे तर बदलायला काय होतंय?"

मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. त्यानं बदललं. आत्या विचारत होत्या काय झालं म्हणून. मी म्हटलं, स्पेलिंग चुकलं होतं.

आत थंडगार हवा, गोलात मांडलेल्या खुर्च्या, टेबलावर कोल्ड कॉफी आणि चॉकलेटचे चौकोनी केक. दहा-बारा माणसं, त्यात दोन बायका. बाया बघून माझ्या जिवात जीव आला. आणि खरं सांगायचं तर तिथली रीत मला आवडली. कुणी मध्ये बोलत नव्हतं. लागली कशी, मुलं किती, काही विचारलं नाही. पण सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी कंपनीतलं, रिजेक्शन, रीवर्क, टार्गेट. त्यातून जेवढं कळलं तेवढं ऐकलं. माझी पाळी आली तेव्हा एक बाई म्हणाली, "मराठीत बोला ना, प्लीज." मी बोलले. बोलता बोलता रडले. सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं, टिश्यूचा डबा हातोहात माझ्यापर्यंत आला, आणि सगळे एका सुरात थँक यू म्हणाले. शेजारचा दिल्लीकडचा मुलगा माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होता की त्याला एक अक्षर कळलं नाही हे मला लगेच कळलं.

निघताना तीच बाई पार्किंगपर्यंत आली. पस्तिशीची असेल, बोलायला गोड.

"शोभाताई, एक विनंती आहे. पुढच्या वेळी गेटवर योगाच सांगाल? सोसायटीला कळलं तर हा हॉल काढून घेतील."

"तुम्ही घरी काय सांगता?"

"योगा," ती म्हणाली. "नवऱ्याला वाटतं माझी पाठदुखी त्यानंच बरी झाली."

आम्ही दोघीही हसलो. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिला नोकरी होती, सासर होतं, त्या हॉलशिवाय दुसरी जागा नव्हती. पण मला ते जमणार नव्हतं. पाण्याच्या बाटलीत दारू भरून मी तिला पाणी म्हणायचे. आता मीटिंगला योगा म्हणायचं, तर मी सोडलं काय? मी तिला तसं सांगितलं. तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

परतीच्या वाटेवर पुनावळ्याच्या अलीकडं गाडी पंक्चर. दुकान सापडेपर्यंत मी गाडी ढकलतेय आणि आत्या मागून चालतायत, हातात कागदी रुमालात गुंडाळलेला केक. एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "करपलेली गूळपापडी हाय नुसती. पण माणसं चांगली व्हती. गारठ्यात बसत्यात बिचारी."

चाकण

कंपनीच्या बसमधून जाताना मोशीच्या पुढं एका भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं रोज दिसायचं: दारू सुटत नाही? आमची सुटली. गुरुवारी सकाळी या. कितीतरी दिवस ती भिंत आली की मी मोबाईलमध्ये बघायचे. आता गुरुवारी मुद्दाम गेले.

ऊन असं की हँडल हाताला चटके देत होतं. स्पाइन रोड बरा गेला. मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पुलावर आलो आणि अडकलो. सुट्टीचा दिवस असूनही पुढं कंटेनर, मागं कंटेनर, डाव्या हाताला कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर. खाली इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस. गाडी इंचभर सरकेना. आत्या उतरल्या.

"मी चालत जाते म्होरं. तू ये मागनं."

"अहो आत्या, ऊन बघा."

"तू बघ. मी निघाले."

आणि खरंच गेल्या, डोक्यात हेल्मेट तसंच. मी चिंबळी फाट्याच्या अलीकडं त्यांना गाठलं तेव्हा त्या रसवंतीत बाकावर बसून दुसरा ग्लास संपवत होत्या, आणि रसवंतीवाल्याला ऊस कुठला, आलं कमी का पडलं, सगळं विचारून झालं होतं.

मीटिंगची खोली टायरच्या दुकानामागं. पत्र्याचं छप्पर, एक टेबलफॅन, प्लास्टिकच्या खुर्च्या, रबराचा वास. आत सगळे कामगार, मराठवाड्याचे, विदर्भाचे, दोघे बिहारचे. क्रेन चालवणारे एक आण्णा तिथलं बघायचे. धिप्पाड माणूस, दाढी पांढरी. माझ्याकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं.

"पिणारी कोण दोघींत?"

असं कुणी पहिल्यांदाच विचारलं. मी हात वर केला.

"बसा."

खिडकीशी बसलेला एक तरणा कुरकुरला, "बाईसमोर काय बोलायचं राव? आपल्या तोंडात शिव्या असतात."

मी म्हटलं, "लाईनवर रोज ऐकते, भाऊ. वेळ आली तर देतेसुद्धा."

"बाई बसली तर तुझं काही तुटतंय का?" आण्णांनी त्याला विचारलं.

माझी पाळी आली. चिंचवडला बोलू दिलं नव्हतं, वाकडला कळलं नव्हतं, त्यामुळं मनात बरंच साठलं होतं. पण तोंडातून निघालं एवढंच: "मी शोभा. आज, आत्ता, मला प्यावीशी वाटतेय."

कुणी चुकचुकलं नाही. आण्णा म्हणाले, "मलाबी वाटायलीय. उन्हाळ्यात लई वाटती. बस इथंच, मीटिंग संपल्यावर जेवायला जाऊ."

तेवढ्यानं माझ्या पाठीतला ताण गेला. मागं आत्या भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. माझं ऐकायला एवढ्या लांब आल्या आणि नेमकं तेच हुकलं. नंतर ढाब्यावर शेवभाजी खाताना आण्णांनीच त्यांना ते सांगितलं. आत्या म्हणाल्या, "मग, मला दिसलंच की. आज ती चवीनं जेवतीय."

मी दर गुरुवारी जायला लागले.

चाकण, कंपनीत

त्या खोलीतली गोष्ट बाहेर न्यायची नाही असा नियम आहे. कुणीतरी नेली. कुणी ते मी शोधलं नाही. एका सकाळी लाईनवर आले तर मुलींची कुजबुज थांबली, आणि दुपारी एचआरच्या साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, तुम्ही सीनियर आहात. थोडे दिवस रजा घ्या. विषय शांत होईल."

"साहेब, मी पीत होते तेव्हा तुम्ही मला दोनदा ओव्हरटाइमला थांबवलंत. आता पीत नाही तर रजा कशाला?"

"लोक बोलतात हो."

"माझ्या लाईनचं रिजेक्शन वाढलंय का?"

त्यांनी स्क्रीनकडं बघितल्यासारखं केलं. नापास होणारा माल वाढला नव्हता. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्ही लाईनसमोर उभे राहतो, टार्गेट सांगतो, सुरक्षेचं सांगतो. ते झालं. मग मी म्हटलं, "अजून एक. तुम्ही जे ऐकलंय ते खरं आहे. मी दारू प्यायचे. आता सोडतेय, त्यासाठी दर गुरुवारी मीटिंगला जाते. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, वॉशरूममध्ये एकमेकींना नको. चला, लाईन चालू करा."

लाईन चालू झाली. साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही.

तीन-चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये पूजा माझ्यासमोर ताट घेऊन बसली. परभणीकडची, चौघी मिळून खोली घेऊन राहणारी, माझी सगळ्यात चपळ ऑपरेटर. वरणात भात कालवत राहिली, खाल्ला नाही.

"मॅडम, तिथं बाया असतात का?"

"मीच एकटी."

"मग मला नाही जमायचं." ती खाली बघून म्हणाली, "खोलीवर सगळ्या घेतात, शनिवारी. त्यांची शनिवारी संपती. माझी संपत नाही."

मी आण्णांना विचारलं, काय करायचं. ते म्हणाले, "ताई, दोघी बसल्या की झाली मीटिंग. जागा बघा. आमच्या खोलीतबी दुसऱ्या दिवशी घ्या हवं तर." पण टायरच्या दुकानामागं यायची पूजाची तयारी नव्हती. हे मी घरी जेवताना सांगितलं. दत्ता मान खाली घालून जेवत होता. तोच म्हणाला, "माणच्या खोल्या रिकाम्याच आहेत." ज्या गावाला कळू नये म्हणून त्याचा जीव जात होता, त्याच गावाचं नाव त्यानं घेतलं. आत्यांनी त्याच्या ताटात न विचारता अजून एक भाकरी वाढली.

माण

माणला जाताना आता गाव आधी दिसत नाही. मेट्रोचे खांब दिसतात, काचेच्या कंपन्या दिसतात, आणि त्यांच्यामधून एखादी म्हशींची रांग रस्ता ओलांडताना दिसते. आत्यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण आहे. शेजारची चार मजली इमारत पुतण्याची, संतोषची. वर आयटीतल्या पोरांच्या खोल्या, खाली गाळ्यात त्याचीच बियर शॉपी.

दत्तानं पाटी रंगवून आणली आणि स्वतः शिडीवर चढून लावली: दारू सोडणाऱ्या बायकांची बैठक, गुरुवारी दुपारी. आम्ही झाडू मारतोय तोवर संतोष आला. गळ्यात साखळी, हातात गाडीची किल्ली.

"दत्तादादा, हे काय? काकी, अगं गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का न्हाई? आपल्या घरावर असली पाटी?"

आत्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"तुझ्या दाराम्होरं बियर शॉपीची पाटी हाय. रातच्याला लाल लाइट लागतो तिच्यावर. तवा न्हाई रं तुझं तोंड लपत?"

"ती बिझनेस हाय काकी."

"मग ह्यो बी आमचा बिझनेस हाय. जा घरी."

"लोकं थुकतील."

"थुकू दे. अंगण धुवायला येतं मला."

संतोष दत्ताकडं वळला. दत्ता शिडी घडी करत होता. म्हणाला, "पाटी सरळ लागलीय का रे? खालून बघ जरा."

पहिल्या गुरुवारी पूजा आली, तोंडाला रुमाल बांधून. ती आणि मी. आत्यांनी पिठलं-भाकरी केली. दोघी बसलो, दोघी बोललो. पूजा बोलायला लागली आणि दिवे लावायची वेळ झाली तरी थांबली नाही. दुसऱ्या गुरुवारीही दोघीच. अंगणाबाहेर पोरं येऊन पाटी वाचायची, हसायची, फोटो काढायची. मधल्या एका सकाळी पाटीवर कुणीतरी शेण फेकलं. कळल्यावर आत्यांनी माणला जाऊन ती धुतली. मग दोन वीत वर लावायला सांगितली, म्हणजे लांबून दिसेल.

तिसऱ्या गुरुवारी मी बोलत होते तेव्हा मागच्या दारानं कुणीतरी आलं. संतोषची बायको, सोनाली. डोक्यावर पदर, चपला हातात. अंगणात चपला दिसल्या तर कोण आलंय ते कळेल, म्हणून त्या तिनं आत आणून मांडीखाली घेतल्या. गावातली देखणी सून, लग्नकार्यात सगळ्यांत पुढं उभी असणारी. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते आणि मला कधी शंकाही आली नव्हती.

"वहिनी, मी नुसती बसते," ती म्हणाली. "बोलणार न्हाई."

"बस," मी म्हटलं. "बोललंच पाहिजे असं काही नाही."

मी माझं संपवलं. पूजा बोलली. मग आत्या चहा गाळायला लागल्या. सोनालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"खालचं दुकान आपलंच," ती म्हणाली. "मागायला पण लागत न्हाई. दुपारी हे नसत्यात, पोरं शाळेत. पयल्यांदा नुसती चव बघितली. आता सकाळी उठल्या उठल्या..."

"सोनाली!"

अंगणातून संतोषचा आवाज आला. कुणीतरी तिला मागच्या बोळातून येताना बघितलं असणार.

"सोनाली, घरी चल. पाहुणे आलेत."

सोनालीचा हात मांडीखालच्या चपलांकडं गेला. पूजानं माझा हात घट्ट धरला. आत्यांनी चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि उंबऱ्याकडं निघाल्या. बाहेर संतोषची किल्ली खुळखुळत होती.

"ऐकू येतंय का? भाईर ये म्हणतो मी."

सोनालीनं हात पुढं करून आत्यांचा पदर धरला.

"काकी, तुमी बसा."

ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिनं आवाज चढवला, अंगणाच्या पलीकडं, दुकानापर्यंत जाईल एवढा.

"मी बोलतीय हितं. माझं झालं की येते."

बाहेर किल्लीचा आवाज थांबला. सोनालीनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, आमच्याकडं तोंड केलं आणि जिथं थांबली होती तिथून पुढं सांगायला लागली.